सतरा दगडांचा पंचनामा

ही केस मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो. ज्यांच्यापायी महिनेच्या महिने झोप उडाली होती असे आरोपी आज बाजारात समोर आले तरी ओळखू येत नाहीत. ही मात्र बारीकसारीक तपशिलांसकट आठवते, आणि आठवली की तोंड कडू होतं.

गडचिरोलीत नोकरी केलेल्या पोलिसाकडे सांगायला एकच विषय असतो असं लोकांना वाटतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी बसलं की बंदुकीच्या गोष्टी काढतं. त्या गोष्टी मी सांगत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी सांगाव्यात. ही चोरीची केस आहे, अगदी साधी. चोरीला गेलेला माल होता दगड.

नावं कोणाचीच लिहिणार नाही, गावाचंही नाही. त्या गावाचं नाव सरकारी कागदावर आलं की त्याचं नुकसानच होतं, असा माझा अनुभव आहे.

मी तेव्हा दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा मी नागभीडकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. बाहेरून बदलून आलेला अधिकारी असता तर म्हणता आलं असतं, त्याला बिचाऱ्याला इथलं काय कळणार. मला ती सोय नाही.

चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत नकाशाचं आणि जमिनीचं कधीच पटलेलं नाही. चंद्रपूर-भद्रावतीकडे काळी माती, कोळसा, कारखान्यांच्या वसाहती. तिथली वीतन्‌वीत मोजलेली. वैनगंगा ओलांडून खाली सिरोंचाच्या दिशेला निघालात की मोजणी विरळ होत जाते. गोऱ्या साहेबाच्या काळात साखळी घेऊन आलेला मोजणीदार टेकडीच्या पायथ्याशी दमला आणि वरच्या सगळ्या भागावर त्याने एकच शब्द लिहून टाकला, जंगल. त्या जंगलात माणसं राहत होती, शेती करत होती, मरत होती. ती त्याच्या कागदात आली नाहीत.

मे महिना होता. सकाळची हजेरी आटोपली होती. मी आत केस डायऱ्या बघत होतो आणि बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचे जुने हवालदार बसले होते. हवालदार सिरोंचाकडचे. घरी तेलुगू, बाहेर झाडी बोली, आणि माडियाही चांगली समजायची. दोन माणसं आली. एक साठीचा गृहस्थ, तो त्या गावचा गायता, म्हणजे गावाच्या भूमीची पूजा करणारा, गावाचा शब्द ज्याच्या तोंडून निघतो तो. सोबत त्याची थोरली बहीण. तिचं वय तिलाही सांगता आलं नसतं.

"रिपोट द्याची हाय," गायता म्हणाला.

"कायची?"

"दगडं चोरीले गेले."

ठाण्यात हशा पिकला. हवालदारही हसले. "अरे भाऊ, इथी दगडाची काय कमी हाय का? मांगं नाला हाय, जाय अन्‌ पायजे तितके उचल."

म्हातारी तोवर दाराशीच होती. ती टेबलाजवळ आली. "तुया बाप मेला का हाय?"

"मेला, बाई."

"त्याले कुठी ठेवलं ते ठाव हाय ना तुले?"

"हाय ना."

"आमाले बी ठाव होतं. परवापासून ठाव नाई."

हवालदारांचं हसू तिथेच थांबलं. मी आतून उठून आलो आणि दोघांना खुर्च्या दिल्या. म्हातारी खुर्चीत बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माडिया लोकांत घरातलं मोठं माणूस गेलं की त्याच्या नावाने मसणवटीत एक उभा दगड रोवतात. कोणाचा कमरेइतका, कोणाचा पुरुषभर उंच. त्या दिवशी सगळ्या कुळाला जेवण असतं. एका कुळाचे दगड एका ओळीत, जुना आधी, नवा शेवटी. तो दगड त्यांना नुसती खूण वाटत नाही, तो माणूसच तिथे उभा आहे असं ते मानतात. या गावच्या ओळीत अठरा दगड होते. तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळं गाव लेकराबाळांसकट पंधरा दिवस दूर फळीवर, म्हणजे पानांचे पुडे मोजून देतात त्या जागी, मुक्कामाला गेलं होतं. परत आले तर सतरा दगड गायब.

गायत्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तो वाचल्यावर मला कळलं की माणसं इतक्या लांबून उपाशी का आली आहेत. गावाने वनहक्काचा सामूहिक दावा केला होता. गावामागची टेकडी, तिच्यावरचा बांबू, मोह, तेंदू, हे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वहिवाटीत आहे असा दावा. वीस दिवसांनी समितीची स्थळपाहणी होती. गाव जुनं आहे हे दाखवायचं होतं आणि गावाकडे कागद एकही नव्हता. जुन्या नकाशावर गावच नव्हतं. म्हाताऱ्यांचे जबाब होते, आणि जागेवरचा पुरावा म्हणून ती दगडांची ओळ होती. दावा गेला तर टेकडीला तारेचं कुंपण पडून तिथे रोपवन होणार होतं. मग मोह वेचायला गेलेली बाई चोर ठरणार होती.

"वीस दिवसांत शोधून देतो," मी म्हणालो. असले शब्द देऊ नयेत हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवत असे. पण दिला.

त्याच दिवशी दोघांना सोबत घेऊन घटनास्थळी गेलो. नाल्यापर्यंत मोटारसायकल, पुढे पायी. वाट दाखवायला तिथला वनरक्षक आला होता. भला पोरगा, कक्ष क्रमांक तोंडपाठ. मसणवट नाल्यापलीकडे एका मोकळ्या माळावर. जमिनीत सतरा खड्डे, कडा अजून ताज्या. ट्रॉलीच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. आणि ओळीच्या शेवटी एक दगड तसाच उभा.

पंचनामा लिहायला घेतला. हवालदार लिहीत होते, मी सांगत होतो. घटनास्थळाच्या रकान्यापाशी ते थांबले.

"साहेब, इथी काय लिवू? गावची मसणवट लिवू का?"

"सातबारा आहे का मसणवटीचा? आठ-अ आहे का?"

"नाई."

"मग?"

वनरक्षकाने क्रमांक सांगितला आणि मी तोच घातला. राखीव वन, कक्ष क्रमांक अमुक. यात माझा एक हिशेबही होता, तो लपवत नाही. नुसती दगडचोरी म्हटली तर आरोपी त्याच दिवशी जामिनावर घरी जातो. राखीव वनातून चोरी म्हटलं की वनकायद्याची कलमं लागतात आणि केस वजनदार होते. मला केस वजनदार हवी होती. हवालदारांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यांना माझ्याआधी समजलं असणार. पण हवालदार ठाणेदाराला किती वेळा टोकणार? गायत्याने खाली अंगठा उठवला. त्याला मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं होतं, नियमाप्रमाणे. "बराबर हाय का?" विचारलं, तर "तुमी लिवलं म्हंजे बराबरच असल," म्हणाला.

तपास मात्र चांगला केला. ते श्रेय मी सोडत नाही.

मला तो अठरावा दगड खटकत होता. तो सगळ्यात लहान, सगळ्यात हलका, गाडीवाटेच्या अगदी जवळचा. चोर सोपा माल आधी उचलतो, इथे अवघड सतरा नेले आणि सोपा ठेवला. म्हातारीला विचारलं, हा कोणाचा?

"माया भाच्याचा. याच्या पोराचा," तिने गायत्याकडे बोट केलं. "मांगच्या साली तापानं गेला."

"दगड कोणी आणला होता?"

पूर्वी जावई आणि भाऊबंद बांबूच्या डोलीवर दगड वाहून आणायचे. पण त्या वेळी गावातले तरणे सगळे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. म्हणून बाजारगावचा एक ट्रॅक्टर सांगितला होता. ट्रॅक्टरवाला दगड रोवेपर्यंत थांबला होता, जेवूनही गेला होता.

मी मनात नोंद केली. परक्या चोराला सगळे दगड सारखेच. हा एक सोडणारा माणूस कोणाचा दगड कुठला हे ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमच्या भागात काळीपिवळी जीप चालवणाऱ्यांना जितकं माहीत असतं तितकं गुप्तचरांना नसतं. त्यातला एक माझ्या विश्वासातला होता. पानठेल्यामागे भेटला आणि म्हणाला, "साहेब, सारे ट्रॅक्टर फळीवरून पोते वाहून राह्यले. हंगाम हाय, दम घ्याले फुरसत नाई. एक ट्रॅक्टर चार दिवस दिसलाच नाई. इचारलं तं म्हने बिघडला. पन मिस्त्री माया साडू हाय, त्याच्याकडं तं आलाच नाई."

ट्रॅक्टर कोणाचा हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

त्या माणसाला बोलावलं. चाळिशीचा, धष्टपुष्ट, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, तोंड बंद न ठेवणारा. आमच्याकडे येणारे आरोपी दोन प्रकारचे. एक प्रश्न विचारायच्या आधी बोलतो, दुसरा विचारल्यावरही बोलत नाही. पहिल्याला फार त्रास द्यावा लागत नाही. तासभर तो ट्रॅक्टरचा पंप, डिझेलचा भाव, बायकोचं आजारपण असं सगळं सांगत राहिला. मी चहा पाजला. शिवी नाही, काठी नाही. बोलून बोलून त्याचं तोंड सुकल्यावर एकच प्रश्न विचारला.

"अठरावा काऊन सोडला रे?"

तो उठला. खर्रा थुंकून आला, परत बसला, आणि रडायला लागला.

"त्याच्या घरचा भात खाल्ला होता साहेब. माया हातानं दगड उतरवला होता. मले नाई जमलं."

"आणि बाकीच्यांना जमलं?"

"बाकीच्यायले मी ओळखत नोतो."

हे वाक्य मी पुढे बरेचदा मनात घोळवलं. गुन्हेगाराचं म्हणून ऐकलं होतं, पण जगातली निम्मी वाईट कामं याच हिशेबाने होतात. माल कोणाला दिला तेही त्याने सांगितलं.

वाघ पाहायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी अभयारण्याच्या रस्त्याला एक मुक्कामाची आलिशान जागा होती. तिथे पोचलो. आमचे सतरा जण पोहण्याच्या तलावाभोवती गोल उभे केलेले. पायाशी निळे दिवे. एक आडवा पाडून त्याचं बाकडं केलेलं आणि त्यावर कोणाचा तरी ओला टॉवेल वाळत पडलेला. व्यवस्थापक तरुण होता, सभ्य होता, इंग्रजी मिसळून बोलत होता. "सर, गेस्टना लोकल हेरिटेज फार आवडतं," म्हणाला. "आम्ही तर आदिवासी संस्कृती जपतोय." हे दगड म्हणजे कोणाचे आईबाप आहेत असं मी सांगितलं, तेव्हा तो मनापासून दचकला. "अरे बापरे, आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाला. खोटं बोलत नव्हता. विचारायचं सुचलंच नव्हतं त्याला.

तक्रार आल्यापासून नवव्या दिवशी शंभर टक्के मुद्देमाल जप्त. जिल्ह्यातून फोन आला, शाबास म्हणाले. मी खूश होतो, का नसणार? स्थळपाहणीला अजून अकरा दिवस होते.

म्हातारीला ओळख पटवायला आणलं. दगड ठाण्यामागच्या आवारात उतरवून ठेवले होते. ती एकेकाला हात लावत गेली. हा पणज्या, मानमोडीच्या तापाच्या साथीत अर्धं गाव मेलं तेव्हा उरलेल्यांना घेऊन नाला ओलांडून इकडे आला. हिने दुष्काळात कंद खाऊन चार घरची पोरं जगवली. याला साहेबाने रेल्वेचे सागवानी स्लीपर तोडायला नेलं, आला तेव्हा एक हात नव्हता. याने तलावाची पाळ बांधली. असं करत सतरा जण तिने सांगितले, कुठे अडखळली नाही. त्या सगळ्या मुलखाचा इतिहास तेवढ्यात ऐकून झाला. शाळेत मला यातलं एक अक्षर शिकवलं नव्हतं. माझ्या मुद्देमाल नोंदीत मात्र लिहिलं गेलं, दगड, नग सतरा, उंची अमुक ते अमुक.

दोन दिवसांनी गावचे वीसेक लोक दोर, बांबू घेऊन ठाण्यात हजर. सोबत रांधलेला भातही आणला होता, आमच्यासाठी.

"न्याले आलो," गायता म्हणाला.

मला सांगावं लागलं. मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येत नाही. अर्ज करू, सुपुर्दनाम्यावर सोडवून घेऊ, थोडा धीर धरा. हवालदारांनी सगळं माडियात समजावलं. म्हातारी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"चोरानं नेले तं तुमच्यापाशी रिपोट देली. आता तुमी ठेऊन घेतले, तं कोनापाशी द्याची?"

मी तिला कायदा समजावत बसलो. आमचं हे हत्यार असतं, समोरचा खरं बोलला की कायदा सांगायचा.

अर्ज केला. मी स्वतः कोर्टात उभा राहिलो. माझी समजूत होती की एका तारखेत काम होईल. पण वनखात्याची हरकत आली. दगड राखीव वनातून निघालेले आहेत, राखीव वनातली वस्तू वनखात्याची, गावाने मालकी सिद्ध करावी. पुरावा काय जोडला होता? माझा पंचनामा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे तर पायरीही मीच बांधून दिली होती. दगड मिळवायला जमीन आपली म्हणून दाखवा, आणि जमीन आपली म्हणून दाखवायला दगड हवेत. पुढची तारीख उन्हाळी सुट्टीनंतरची पडली.

तरीही मला वाटत होतं, स्थळपाहणीला आपण जातीने हजर राहू आणि खरं काय ते सांगू. समिती आली. अधिकारी कडक इस्त्रीतला, पण उद्धट नव्हता. माळावर ऊन मी म्हणत होतं. त्याने सतरा खड्डे बघितले, मग उभा दगड बघितला.

"हा किती जुना?"

गायत्याला पन्नास वर्षं म्हणायला काय लागत होतं? पण तो स्वतःच्या पोराचा दगड. त्याच्याबद्दल तो खोटं बोलणार नव्हता.

"मांगच्या सालचा," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने लिहिलं.

मी पुढे झालो. "साहेब, जुने सतरा माझ्या ठाण्यात आहेत. ते इथूनच गेलेत. ही या गावची मसणवट आहे, मी साक्ष देतो."

त्याने फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाला, "ठाणेदार साहेब, तुमच्या पंचनाम्याची प्रत आहे माझ्याकडे. घटनास्थळ, राखीव वन. मसणवट हा शब्द यात कुठेच नाही. सही तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"मग मी कोणतं खरं मानू?"

हवालदार माझ्या बाजूला उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

दावा फेटाळला. कारणांमध्ये लिहिलं होतं, जागेवर एकच अलीकडचा दगड आढळला, आणि पोलीस अभिलेखानुसार सदर जागा राखीव वन आहे. पुढच्या हिवाळ्यात टेकडीला कुंपण पडलं. मला त्या केसबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोने हौसेने चौकट करून भिंतीवर लावलं होतं, ते मी काढून माळ्यावर टाकलं. ती विचारत राहिली आणि मी उगाच तिच्यावर डाफरलो. नंतर बदली झाली.

निवृत्तीनंतर मी चंद्रपूरला राहू लागलो. एक दिवस गायता पत्ता शोधत दारात आला. पार वाळला होता. गावाने अपील केलं होतं, सुनावणी लागली होती.

"बाई कशी आहे?" मी विचारलं.

"गेली. दोन सालं झाले."

"दगड?"

"नाई लावला. ओळच नाई तं कुठी लावाचा?" मग त्याने पिशवीतून तो निकालाचा कागद काढला. "यात तुमचं नाव हाय म्हंते पोरं. तुमी तं आमच्या बाजूचे होते ना, साहेब?"

"होतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात माझा आणि अवलक्षण त्याच्या गावाचं.

सुनावणीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून टेबलापुढे उभा राहिलो. शपथेवर सांगितलं की ती जागा गावची मसणवट होती, हे मला त्या दिवशीही दिसत होतं, तरी केस मजबूत व्हावी म्हणून मी राखीव वन लिहिलं. समोरचा अधिकारी तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं, की आता खोटं बोलताय?"

हा प्रश्न मी नोकरीभर लोकांना विचारला होता. कोणी जबाब बदलला की हाच सापळा, यातून सुटलेला माणूस मी पाहिला नव्हता. आता कळलं की यातून खरा माणूसही सुटत नाही.

"तेव्हा," मी म्हणालो.

त्याने लिहून घेतलं. निकालात एक ओळ माझ्या वाट्याला आली. निवृत्त अधिकाऱ्याचे पश्चातबुद्धीचे म्हणणे मूळ अभिलेखापुढे ग्राह्य धरता येत नाही. अपील फेटाळलं.

या केसने काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. चोर पकडणं सोपं असतं, त्यात आपली हुशारी दिसते. माणसाचं नुकसान मात्र आपण बहुतेक वेळा हुशारीने करत नाही, सवयीने करतो. रकाना रिकामा दिसला की जो शब्द हाताशी असेल तो भरतो. समोर उभा असलेला माणूस सांगत असतो, ही माझी जागा आहे, आणि आपण त्याला सातबारा विचारतो. मला वाईट हेतू नव्हता, असं म्हणून मी स्वतःला सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्या ट्रॅक्टरवाल्यालाही नव्हता, त्या व्यवस्थापकालाही नव्हता. आम्हा तिघांत गावाचं सगळ्यात जास्त वाटोळं कोणी केलं याचं उत्तर मला माहीत आहे, आणि त्याला मिळालेलं प्रशस्तिपत्र अजून माझ्या माळ्यावर आहे.

गेल्या वर्षी, धान निघाल्यावर, एका कामाने त्या बाजूला गेलो होतो. ठाण्यासमोर एसटी थांबली म्हणून उतरलो आणि मागच्या बाजूला गेलो. सतरा दगड तिथेच आहेत, मागच्या आवारात, गवतात आडवे पडलेले. वनखातं नेत नाही आणि गावाला मिळत नाहीत. आवाराच्या तारेपलीकडे, मागच्या रस्त्यावर गायता उभा होता, गावचे पाच-सात लोक सोबत. त्यांच्यात नवं धान आधी पूर्वजांना दिल्याशिवाय घरात शिजत नाही. दगड जिथे आहेत तिथे ते देतात. दरवर्षी पायी येतात म्हणे.

पहाऱ्यावरचा शिपाई नवा होता. "काय जादूटोणा करून राह्यले रे? चला, मागं व्हा," ओरडत होता.

मी पुढे झालो. "करू दे त्यांना."

"आपण कोण?"

इथला ठाणेदार होतो, असं सांगितलं. पोराने खाडकन सॅल्यूट ठोकला, आतून खुर्ची आणली, चहा सांगितला. गायत्याला मात्र त्याने तारेपासून चार हात मागेच उभं ठेवलं. गायत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग मूठ भरून तांदूळ तारेवरून फेकला. थोडा आत दगडांवर पडला, बाकीचा बाहेरच रस्त्यावर सांडला.